खंडेनवमीचे दोन पिंजरे

चांगुणा उंदरांना लेकरं म्हणायची. नवीन माणूस ते ऐकून हसायचा. हसेना का बापडा! त्र्यंबक रस्त्याकडच्या त्या कुष्ठरोग संशोधन केंद्रात एकोणीस वर्षांत डॉक्टर आले नि गेले, संचालक बदलले, भिंतींना तीनदा रंग लागला, पण प्राणिगृहाची चावी चांगुणाच्याच कनवटीला राहिली. पेठकडच्या पाड्यावरची बाई, शाळा सातवीपर्यंत, पण दीडशे पांढऱ्या उंदरांतला कुठला कुठल्या पिंजऱ्यातला हे ती कान बघून सांगायची, कारण प्रत्येकाच्या कानाला खुणेची खाच असायची. पाहुणे आले की केंद्रातल्या मोठ्या डॉक्टर मोहिनी मॅडम तिला मुद्दाम पुढे बोलवायच्या. "आमच्या चांगुणाबाईंच्या हातून चूक होत नाही," असं सांगायच्या. त्या एका वाक्याने बाईचं पुढे वाटोळं केलं.

आता उंदीर कशाला, ते आधी सांगायला हवं. कुष्ठरोगाचा जंतू मोठा नखरेल. बाकीचे जंतू काचेच्या बशीत खुशाल वाढतात, हा नाही वाढत. त्याला जितं अंग लागतं, आणि तेही थंडसर. अमेरिकेकडे आर्माडिलो नावाचं पाठीवर कवच असलेलं जनावर आहे. त्याच्या थंड अंगात हा जंतू मजेत नांदतो, म्हणून तिकडच्या लोकांनी त्याच्यावरून या रोगाचं पुष्कळ काही शोधून काढलं. मॅडमच्या खोलीत त्याचं चित्र होतं. ते पहिल्यांदा बघून चांगुणा म्हणाली होती, "हे तं आमच्याकडचं खवले मांजर!" मॅडमनी हसून तो वेगळा प्राणी असल्याचं समजावलं होतं.

केंद्रात काम चालायचं ते उंदरांवर. उंदराचं अंग गरम, पण मागच्या पायाचा तळवा जरा थंड. तिथे रोग्याच्या कातडीतले जंतू सुईने टोचायचे. मग एका पिंजऱ्याला औषध कालवलेलं खाद्य, दुसऱ्याला साधं. आठ-नऊ महिने थांबायचं आणि तळव्यात जंतू किती वाढले ते मोजायचं. साधं खाणाऱ्यांत वाढले आणि औषध खाणाऱ्यांत नाही वाढले, तर त्या माणसाला औषध लागू आहे. औषध खाऊनही वाढले, तर जंतू औषधाला भीक घालत नाही. "रोगी गोळ्या न खाता खाल्ल्या म्हणेल, कागद चुकेल," मॅडम म्हणायच्या, "पण उंदीर खोटं बोलत नाही."

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये बारा आणि तेरा नंबरच्या पिंजऱ्यांत यशोदाबाईंचे उंदीर आले. यशोदाबाई नाशिक रोडच्या वसाहतीतल्या. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता साठीला टेकलेल्या. औषधाचा पुरा कोर्स करून एकदा बऱ्या झाल्या होत्या, पण चार वर्षांनी पाठीवर पुन्हा चट्टे उठले. मॅडमनी तेच औषध पुन्हा सुरू केलं, आणि ते लागू पडतंय का हे बघायला कातडीचा तुकडा घेऊन उंदरांना टोचला.

बाई मोठी खमकी. दुसऱ्याच महिन्यात सरळ प्राणिगृहाच्या काचेशी येऊन उभी राहिली.

"माझे कुठले गं?"

"त्ये काय, मधल्या फळीवर. बारावाले औषध खातात, तेरावाले साधं," चांगुणाने बोट दाखवलं.

"म्हणजे माझा रोग त्या लेकरांनी आपल्या पायावर घेतला म्हण की." यशोदाबाईंनी काचेवर टिचकी मारली. "जयभीम रे पोरांनो! नीट जेवा बरं!"

त्यांनी आपणहून लेकरं म्हटलं आणि चांगुणाला ती बाई तिथेच आवडली. मग बाकावर बसून यशोदाबाईंनी घरचं सांगितलं. मुलगा संघर्ष, सून सृष्टी, आणि सुनेला पाचवा महिना. मॅडमनी त्यांना दहादा सांगितलं होतं की हा रोग असा हात लावून लागत नाही आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत धोका संपतो. पण यशोदाबाईंचं एकच पालुपद.

"आधी मॅडमच म्हणाल्या, बऱ्या झालात. झाले का? आता हे औषध लागू हाय का नाय ते उंदीर सांगतील. ते पास करतील त्या दिवशी मी नातवंडाला हात लावीन. लोकांची शेकडो पोरं उचलली मी, चांगुणा. स्वतःच्याला नाय द्यायचा हा रोग."

म्हणजे सगळं त्या दोन पिंजऱ्यांवर येऊन थांबलं होतं.

मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशकात कुठला कारखाना, कुठलं गॅरेज पूजेवाचून राहतं? ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार धुवायचं, त्याला झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. चांगुणाचं हत्यार म्हणजे उंदीर. दर वर्षी ती पिंजऱ्यांच्या रॅकला माळ घालायची. मॅडम नाशिक रोडच्याच, वडील तिथल्या नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते, त्यांना या रीतीचं वावडं नव्हतं. पण त्यांनी बजावून सांगितलं, "पूजा करा, माळ घाला, पण पिंजऱ्यांची मांडणी हलवायची नाही."

आता मांडणी न हलवता रॅक धुणार कशी? आणि न धुता पूजा केली तर ती पूजा कसली? चांगुणाने मनाशी म्हटलं, मॅडमला काय कळतंय, त्या येणार अकराला, तोवर सगळं जागच्या जागी. तिने अठराच्या अठरा पिंजरे खाली फरशीवर ओळीने मांडले, रॅक घासून पुसून लखलखीत केला, प्रत्येक पिंजऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. पिंजऱ्यांवर नंबर नव्हते. नंबराची कार्डं रॅकच्या पट्टीला असायची, कारण पिंजऱ्याला लावली की उंदीर आतून ओढून कुरतडायचे. त्यामुळे पिंजरा परत ठेवताना आतल्या उंदरांचे कान बघूनच ठेवावा लागे. सोळा पिंजरे तिने तसेच ठेवले, एकेक कान बघून. उरले दोन. तेवढ्यात पहारेकरी पुंजा दारातून ओरडला, "मावशे, मॅडमची गाडी आली गेटात!"

चांगुणाने दोन्ही पिंजरे रिकाम्या जागी सरकवले आणि झेंडूचा कचरा पदरात गोळा केला. मॅडम आत आल्या, म्हणाल्या, "वा! छान दिसतंय." पेढा तोंडात टाकून गेल्या.

करायला गेली गणपती, झाला मारुती.

तिला कळलं ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. महिन्याच्या वजनाचा दिवस होता. बाराच्या जागेवरचा उंदीर तिने उचलला, कान बघितला. तो तेराचा. दुसरा उचलला, तोही तेराचा. तिने धावत तेराची जाळी उघडली. तिथे सगळे बाराचे. पस्तीस दिवस. पस्तीस दिवस तिने बाराचं लाल कार्ड बघून लाल डब्यातलं औषधाचं खाद्य घातलं होतं ते नको त्यांना, आणि ज्यांना औषध हवं होतं ते साधं खात बसले होते.

चांगुणा स्टुलावर मटकन बसली. मॅडमची खोली वीस पावलांवर होती. वीस पावलं चालायची आणि सांगायचं, मॅडम, माझ्याकडनं असं झालं. उठली की नाही ती? उठली. दारापर्यंत गेलीसुद्धा. आतून मॅडमचा आवाज येत होता. दिल्लीच्या कुणा पाहुण्यांना त्या सांगत होत्या, "एकोणीस वर्षांत एक पिंजरा इकडचा तिकडे झालेला नाही."

चांगुणा तिथूनच माघारी फिरली.

तिने दोन्ही पिंजरे आपापल्या जागी ठेवले. रजिस्टरमध्ये वजनं लिहिली, खाली सही केली. पस्तीस दिवसांनी काय होतंय, अजून चार-पाच महिने आहेत, औषध भरून काढील सगळं, असं स्वतःला बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून लेकरं हा शब्द गेला. पुंजाने विचारलंही, "मावशे, पोरांवर रागावली काय?" तर त्याच्या अंगावर खेकसली.

त्याच सुमाराला यशोदाबाई पेढे घेऊन आल्या. नात झाली होती, मैत्री नाव ठेवलं होतं. "अजून उचलली नाय हं मी," त्या काचेतून उंदरांनाच सांगत होत्या. "पाळण्याला लांब दोरी बांधलीय. मी गॅलरीत बसते, खिडकीतनं दोरी ओढते. तुम्ही लवकर पास करा बाबांनो." चांगुणाने पेढा हातात धरला तो धरलाच. घरी जाऊन तिने तो गाईला घातला.

मार्चमध्ये मोजणी झाली. मोजणीसाठी उंदीर संपवावे लागतात. दर वेळी चांगुणा त्यांना हात जोडायची. या वेळी तिला त्यांच्याकडे बघवेना. दोन दिवसांनी मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठल्या त्या लगबगीनेच. बाराच्या उंदरांत, औषध खाणाऱ्या उंदरांत, जंतू वाढले होते.

"गंमत बघा," त्या चांगुणालाच सांगत सुटल्या, कारण समोर तीच होती. "जंतूच्या जनुकांची तपासणी म्हणते औषध लागू आहे. चट्टे विझत आलेत. आणि उंदीर म्हणतो, नाही! म्हणजे वरवर बरं दिसतंय, आत जंतू तग धरून आहे. हे वेगळंच काहीतरी आहे, चांगुणाबाई. हे मांडायला हवं. उंदीर खोटं बोलत नाही."

नाही बोलत. उंदीर बिचारा कसला खोटं बोलतोय! त्याच्या तोंडात खोटं चांगुणाने घातलं होतं, आणि ते सांगायची तिची छाती नव्हती. तिने चहाचे कप उचलले, धुतले, पुन्हा धुतले.

यशोदाबाईंना बोलावून सांगितलं गेलं. जुनं औषध बंद. आता दुसरी औषधं, रोज, दोन वर्षं. मॅडमनी तेव्हाही समजावलं की याही औषधांनी धोका लगेच कमी होईल, नातीला खुशाल जवळ घ्या. यशोदाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण उंदीर नापास म्हणाले ना?" मॅडमना हो म्हणावं लागलं. यशोदाबाई पदर सावरून उठल्या. बाहेर चांगुणा उभी होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पोरांना काय नको बोलू हं. त्यांनी त्यांचं काम केलं."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चांगुणाला झालं. अजूनही वेळ होती. मॅडम आत होत्या, यशोदाबाई बाहेर होत्या, दोघींच्या मध्ये ती उभी होती. ती मागे वळून प्राणिगृहात गेली.

एप्रिल गेला, मे गेला. मॅडम दिल्लीला जाऊन परिषदेत ते बाराच्या पिंजऱ्याचं सांगून आल्या, लोकांनी फार प्रश्न विचारले म्हणून खूश होत्या. आता तर सांगणं आणखीच अवघड. चांगुणाला अन्न गोड लागेना. नवरा म्हणाला, दवाखान्यात जा. ती म्हणाली, दवाखान्यातच तं असते दिवसभर. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. रोज संध्याकाळी ठरवायची, उद्या.

जुलैच्या शेवटी यशोदाबाई तपासणीला आल्या. नव्या गोळ्यांनी त्यांना गरगरत होतं, भिंत धरत धरत चालत होत्या. नेहमीसारख्या काचेशी आल्या. बारा-तेराच्या जागी आता दुसऱ्याच कुणाचे उंदीर होते.

"परत लावता येतील का गं माझे? परत एकदा विचारा म्हणावं त्यांना." मग काचेला टेकून, "मैत्री रांगायला लागली. परवा दोरी धरून धरून गॅलरीत आली, थेट माझ्या पायापाशी. मी खाटेवर पाय वर घेतले. तिला वाटलं, आजी खेळती. हसायला लागली. मी पाय वर घेऊन बसले, ती खाली हसतीय."

हे सांगताना बाई स्वतःही हसत होती. चांगुणाला ते हसू सोसवलं नाही. तिने हातातली खाद्याची परात तिथेच ठेवली आणि वीस पावलं चालून मॅडमच्या खोलीत गेली. दार वाजवलंही नाही.

"मॅडम, उंदरांनी खरं सांगितलं. खोटं मी बोलले," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. धुणं, कुंकू, पुंजाची हाक, पस्तीस दिवस, रजिस्टरमधली सही.

मॅडम टेबलावरचा पेन सरळ करत राहिल्या.

"मी चारशे लोकांपुढे सांगून आले," त्या शेवटी म्हणाल्या. "ते जाऊ दे, ते मी निस्तरीन. जनुकं एक सांगत होती, कातडी तेच सांगत होती, तरी मी उंदरालाच धरून बसले, ती माझी चूक. पण चांगुणाबाई, त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? दोन पिंजऱ्यांवर फुली मारली असती. एक फुली! यशोदाबाईंना सांगितलं असतं, उंदीर बाद झाले, बाकी सगळं चांगलं आहे, घरी जा, नात उचला."

"हो मॅडम."

"चावी ठेवा."

चांगुणाने कनवटीची चावी काढून टेबलावर ठेवली. चावी ठेवताना तिला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही.

"आणि यशोदाबाईंना तुम्ही सांगा. औषध लागू होतं, त्या बऱ्या आहेत, गोळ्यांचं मी बघते. पण बाकीचं मी सांगणार नाही."

यशोदाबाई बाकावरच बसल्या होत्या. चांगुणा त्यांच्या पायाशी फरशीवर बसली आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जातं म्हणतात. काही सोपं जात नाही.

सगळं ऐकून झाल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, "माझ्या उंदरांना कुंकू लावलंस?"

"हो."

"मी पूजा करत नाय, माझ्या घरात कुणी करत नाय, आणि माझी नात अडली ती तुझ्या पूजेपायी." आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "कधीपास्नं माहीत होतं तुला?"

"तुळशीच्या लग्नापासनं."

"तेव्हा बारा दिवसांची होती." त्या बोटांवर महिने मोजू लागल्या. मार्चपाशी बोट थांबलं. "मी खांद्यावर हात ठेवला तुझ्या. आठवतंय?"

"आठवतंय."

"उठ. चल माझ्याबरोबर."

दोघी रिक्षाने निघाल्या. नाशिक रोडला वसाहतीत शिरल्यावर यशोदाबाई जरा भरभर चालू लागल्या. गरगरणं होतं, तरी त्यांनी चांगुणाने पुढे केलेला हात धरला नाही. दारात सृष्टी मुलीला कडेवर घेऊन उभी होती. यशोदाबाईंनी चपला काढल्या, मोरीत जाऊन हात धुतले, पदराला पुसले. "दे तिला इकडे," म्हणाल्या.

सृष्टी बघतच राहिली. "आई, पण..."

"मी बरी हाय. आधीपास्नं बरी होते. ही चांगुणा सांगंल तुला नंतर. दे."

नऊ महिन्यांनी त्यांनी नातीला हातात घेतलं. घेतलं ते कसं अगदी अंगणवाडीतल्या सवयीने, एक हात मानेमागे, एक खाली. मैत्री क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दोरीच्या पलीकडची, खिडकीतली ती बाई एवढी जवळ आल्यावर तिला ती ओळखूच येईना. मग तिचा ओठ वाकडा झाला आणि तिने असा टाहो फोडला की शेजारची दारं उघडली. पाठीमागे धनुष्यासारखी वाकून ती आईकडे हात पसरू लागली. यशोदाबाईंनी चुचकारलं, थोपटलं, गाण्याची एक ओळ म्हटली. शेकडो पोरं त्या ओळीला गप्प झाली होती. ही नाही झाली. तिने आजीच्या तोंडावर दोन्ही हात ठेवून तिला जोर लावून दूर लोटलं.

यशोदाबाईंनी नातीला सुनेकडे दिलं. पोर आईच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत राहिलं.

"मार्चमध्ये पाच महिन्यांची होती," यशोदाबाई म्हणाल्या. त्या बोलत होत्या चांगुणाशी, पण बघत होत्या नातीच्या पाठीकडे. "पाच महिन्यांचं पोर रिक्षावाल्याकडंसुद्धा जातं. नवव्या महिन्यात त्याला आपलं आणि परकं कळतं. तीस वर्षं मी हेच बघितलंय."

चांगुणाने हात जोडले. "माझं चुकलं, ताई. मला माफ..."

"ते नको बोलू." यशोदाबाईंनी तिला हाताने थांबवलं. "उद्या ये. परवा ये. रोज ये. ती माझ्याकडे न रडता येईपर्यंत इथं दारात बसायचं, आणि ती रडंल तेव्हा तिच्याकडं बघायचं. मान खाली नाय घालायची."

आतून मैत्रीचं रडणं अजून ऐकू येत होतं. चांगुणाने मान वर केली आणि म्हणाली, "येते."